कुलूपबंद पेटी आणि उघडे पत्रक

मंडळी, तुमच्यातल्या वडीलधाऱ्या माणसांनी विहिरीवरची मोट चालताना पाहिली असेल. आज मोटेची जागा विजेच्या मोटारीने घेतली, चाकाची करकर थांबली. पण मोटेच्या काळात शेतकरी एक हिशेब मनाशी नेहमी करीत असे. बैलांच्या जोडीला वैरण किती लागली आणि तेवढ्या वैरणीवर मोटा किती निघाल्या? ज्याची जोडी थोड्या वैरणीवर जास्त पाणी काढी, त्याचे गावात नाव होई.

आज मी तुम्हाला अशाच एका हिशेबाची गोष्ट सांगणार आहे. फरक एवढाच की त्यात बैलांऐवजी वाफेचे इंजिन आहे आणि वैरणीऐवजी दगडी कोळसा. गोष्ट इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात शिरलेल्या कॉर्नवॉल नावाच्या मुलखातली आहे. काळ सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा. या गोष्टीत शोधक आहेत आणि व्यापारी आहेत. त्याचबरोबर वकील, हेर आणि कुलपेही आहेत. त्या वेळी वाफेची शक्ती ही नवी विद्या होती, आणि ती कुणाच्या मालकीची, यावर तीस वर्षे भांडण चालले.

कॉर्नवॉलच्या जमिनीत तांबे आणि कथील सापडे. जसजशी खाण खोल जाई तसतसे तिच्यात पाणी भरे. पाणी उपसल्याखेरीज धातू हाती लागत नसे. थॉमस न्यूकॉमेन नावाच्या माणसाचे वाफेचे इंजिन 1712 साली चालू झाले होते. ते पाणी उपशी, पण कोळसा भारी खाई. ते का, तेवढे समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे भांडण कळेल.

न्यूकॉमेनच्या इंजिनात एक मोठे उभे नळकांडे असे आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या. नळकांड्यात वाफ सोडायची, मग त्याच नळकांड्यात थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली जाई. दट्ट्या तुळईच्या एका टोकाला आणि पंप दुसऱ्या टोकाला. एक टोक खाली गेले की दुसरे पाणी घेऊन वर. पण थंड पाण्याने वाफेबरोबर नळकांडेही निवे. पुढच्या फेरीला ते पुन्हा तापवावे लागे. आपल्या घरातील बाईने दर भाकरीनंतर तवा पाण्यात बुडवला आणि परत चुलीवर चढवला, तर सरपण किती जाईल? तसेच हे होते. कोळशाच्या खाणीवर हा उधळेपणा चालून जाई. कॉर्नवॉलमध्ये मात्र कोळसा नव्हता. तो वेल्सहून गलबतांत भरून समुद्रमार्गे आणावा लागे.

या अडचणीवर उपाय शोधला जेम्स वॉटने. वॉट हा ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर. न्यूकॉमेनच्या इंजिनाचा एक छोटा नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला आणि त्यातला उधळेपणा त्याच्या डोळ्यांत भरला. 1765 साली त्याला युक्ती सुचली. वाफ थंड करायचीच, तर ती वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करावी. म्हणजे मुख्य नळकांडे सतत गरम राहील. तव्याला पाणी लागूच द्यायचे नाही. ऐकताना सोपे वाटते, पण तोवरच्या पन्नास वर्षांत हे कुणालाही जमले नव्हते. वॉटच्या बुद्धीला मान द्यायला हवा आणि पुढची हकिगत ऐकतानाही तो विसरू नये.

1769 साली वॉटला पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे सरकारने शोधकाशी केलेला करारच असतो. सरकार म्हणते, "ठरावीक वर्षे हा शोध तुझ्याखेरीज कुणी वापरणार नाही, पण तो कसा करायचा, हे तू लिहून दे, म्हणजे मुदत संपल्यावर तो सर्वांचा होईल." वॉटचा पहिला भागीदार कर्जात बुडाला. मग बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन हा धोरणी कारखानदार त्याला भेटला. दोघांनी 1775 साली पार्लमेंटकडून खास कायदा करवून घेतला आणि पेटंटची मुदत 1800 सालापर्यंत वाढवून घेतली. म्हणजे शोध लागल्यापासून पस्तीस वर्षे, एका पिढीहून अधिक काळ, ही किल्ली एकाच घरात राहणार होती.

1777 साली वॉटचे इंजिन कॉर्नवॉलमध्ये आले. खाणवाल्यांनी त्याचे आनंदाने स्वागत केले आणि पुढच्या सहा-सात वर्षांत न्यूकॉमेनची बहुतेक इंजिने तिथून हद्दपार झाली. कोळसा सुमारे एक तृतीयांशावर आला होता.

पण बोल्टन आणि वॉट यांची पैसे घेण्याची रीत निराळी होती. ते नुसती इंजिनाची किंमत घेत नसत. ते म्हणत, "जुन्या इंजिनाला जेवढा कोळसा लागला असता आणि आमच्याला जेवढा लागतो, त्यातली जी बचत होईल तिचा तिसरा हिस्सा आम्हाला द्या." आपल्याकडे जमीन वाट्याने देतात ना, तसाच हा प्रकार. पण वाटा काढायचा तर उपसा मोजला पाहिजे. म्हणून इंजिनाच्या तुळईवर एक मोजणीची पेटी बसवली. तुळई जितक्या वेळा हलेल तितके आकडे आत पुढे सरकत. पेटीला कुलूप असे आणि किल्ली कंपनीच्या माणसाकडे.

आता बघा, पहिल्या वर्षी शेतकरी वाटा हसत देतो. पाचव्या वर्षी कुरकुरतो. दहाव्या वर्षी म्हणतो, "जमीन मी कसतो, बैल माझे, आणि हा कोण दरसाल माप घेऊन येणार?" कॉर्नवॉलमध्ये असेच झाले. त्यात तांब्याचे भाव उतरले. खाण तोट्यात असली तरी पेटीतला आकडा पुढे जातच होता.

शिवाय त्या मुलखात हुशार लोहार-सुतारांची वाण नव्हती. हॉर्नब्लोअर घराण्याने तिथे कितीतरी जुनी इंजिने उभारली होती. त्यांतल्या जोनाथन हॉर्नब्लोअरने 1781 साली दोन नळकांड्यांचे इंजिन काढले. पहिल्यात काम करून आलेली वाफ दुसऱ्यात पुन्हा कामाला लावायची, ही त्याची कल्पना. कल्पना खरोखर स्वतंत्र होती. पण शेवटी वाफ थंड करायला वेगळे भांडे हवेच, आणि ते वॉटच्या कुलपात. कंपनीने खाणवाल्यांना धाक घातला की हे इंजिन घ्याल तर कोर्टात खेचू. 1792 साली जोनाथनने आपल्या पेटंटची मुदत वाढवून मागितली, तेव्हा बोल्टन आणि वॉट यांनी विरोध केला आणि पार्लमेंटने त्याला नकार दिला. जी मेहेरबानी वॉटवर झाली, ती त्याच्यावर झाली नाही.

एडवर्ड बुल नावाच्या दुसऱ्या कारागिराने नळकांडे उलटे करून थेट खाणीच्या तोंडावर बसवले आणि तुळईच काढून टाकली. त्याच्यावर खटला झाला. तिथे एक मूळचा प्रश्न पुढे आला. वॉटने पेटंटात तत्त्वे लिहिली होती. पण इंजिनाचा एकही नकाशा जोडला नव्हता. विरोधकांचे म्हणणे असे की करारात शोध उघड करायचा असतो. यांनी हक्क तर घेतला, पण कृती पोटातच ठेवली. 1795 साली न्यायाधीशांची यावर बरोबरीने दोन मते पडली. पुढे जोनाथनचा भाऊ जॅबेझ याच्यावरही खटला झाला आणि 1799 च्या जानेवारीत वरच्या कोर्टाने वॉटच्या बाजूने निकाल दिला. खाणवाल्यांना थकलेली बाकी मोजावी लागली. त्या वेळी पेटंटचे अवघे एक वर्ष उरले होते.

शिक्षक मंडळींनी इथे मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. ज्या कंपनीने दुसऱ्यांना अडवले, तिलाही दुसऱ्याच्या पेटंटाने अडवले होते. दट्ट्याच्या वरखाली हालचालीतून चाक फिरवायला क्रँक, म्हणजे वाकडा दांडा, पाहिजे. चरखा फिरवणारी आजीसुद्धा ही युक्ती जाणते. पण 1780 साली बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने इंजिनाला क्रँक लावण्याचे पेटंट घेतले. वॉट म्हणे, आमच्याच कारखान्यातल्या माणसाने हे बाहेर फोडले. मग त्याला दातेरी चाकांची निराळी रचना काढून वळसा घ्यावा लागला.

आणि गुपितांचे म्हणाल तर त्यांनी किती जपावीत! वॉटने नळकांड्यातला दाब दाखवणारे एक लहानसे यंत्र केले होते. त्याच्या मदतनिसाने 1796 च्या सुमारास त्याला कागद-पेन्सिलची जोड दिली, म्हणजे इंजिनाची नाडी कागदावर उमटू लागली. हे यंत्र पंचवीसेक वर्षे बाहेरच्यांपासून लपवून ठेवले होते. लीड्स शहरात मॅथ्यू मरे नावाचा उत्तम इंजिने घडवणारा कारखानदार होता. 1799 साली बोल्टन आणि वॉट यांचा विश्वासू माणूस विल्यम मर्डॉक त्याच्याकडे गेला, तेव्हा मरेने मोकळ्या मनाने सगळा कारखाना दाखवला. पुढे मरे बर्मिंगहॅमला गेला, तर त्याला आत घेतले नाही. एवढ्यावर भागले नाही. मरेच्या कारखान्याला वाढायला जागा मिळू नये म्हणून कंपनीने त्याच्या शेजारची जमीन विकत घेतली.

हा मर्डॉकही मोठा कल्पक होता. कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी राहून त्याने 1784 साली वाफेवर चालणाऱ्या गाडीचा छोटा नमुना केला होता. तो पेटंट घ्यायला लंडनला निघाला. वाटेत एक्सेटर गावी त्याला बोल्टन भेटला आणि त्याने समजूत घालून मर्डॉकला परत फिरवले. कंपनीला पंपाच्या धंद्यातून लक्ष दुसरीकडे जायला नको होते. वॉटने स्वतःच्या पेटंटात वाफेच्या गाडीचा उल्लेख करून ठेवला, पण गाडी केली नाही आणि करू दिली नाही.

आता आपल्या गोष्टीतला दुसरा नायक येतो. रिचर्ड ट्रेव्हिथिक. जन्म 1771, बाप खाणीवरचा मुकादम. पोरगा सहा फुटांवर उंच, अंगाने पैलवान. त्याच्या मास्तरांचे त्याच्याविषयी मत फारच वाईट होते: हट्टी, मंद आणि शाळा बुडवणारा. मास्तरांनी दिलेले शेरे पुढे कसे ठरतात, याचे हे एक उदाहरण समजा.

ट्रेव्हिथिक तरुणपणी बुलच्या बरोबर इंजिने उभारीत असे. 1796 साली डिंग डाँग नावाच्या खाणीवर दोघांच्या नावाचा मनाई हुकूम इंजिनघराच्या दारावर लावला गेला. वाफ थंड करायचे वेगळे भांडे वापरायचे नाही! मग ट्रेव्हिथिक विचार करू लागला, की वाफ थंड करायचीच कशाला? दाब खूप वाढवावा, त्या जोराने दट्ट्या ढकलावा आणि काम झालेली वाफ सरळ हवेत सोडून द्यावी. असे केल्याने नुकसान किती, हे त्याने गणित जाणणाऱ्या आपल्या एका विद्वान मित्राला विचारले. मित्र म्हणाला, एका वातावरणाच्या दाबाएवढेच. ट्रेव्हिथिकला केवढा आनंद झाला! भांडे नाही, म्हणजे पेटंटाचा भंग नाही. इंजिनही लहान होणार, गाडीवर बसेल इतके लहान.

1801 सालच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी कॅम्बोर्न गावच्या चढावर त्याची वाफेची गाडी माणसे घेऊन धावली. चारच दिवसांत ती बिघडली. मंडळी गाडी आडोशाला लावून खाणावळीत जेवायला बसली, विस्तव विझवायचे विसरली, पाणी आटले आणि गाडी जळून गेली. पण ट्रेव्हिथिक खचला नाही. 21 फेब्रुवारी 1804 रोजी वेल्समध्ये त्याच्या इंजिनाने दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे लोखंडी रुळांवरून नऊ मैलांहून अधिक ओढून नेली. रुळांवरून ओझे ओढणारे जगातले हे पहिले वाफेचे इंजिन. त्यावर दोन कारखानदारांची पाचशे गिनींची पैज लागली होती.

पण दाबाची वाफ धोक्याची, हा वॉटचा आक्षेप होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. 1803 साली लंडनजवळ ग्रीनिच येथे ट्रेव्हिथिकच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसे दगावली. देखरेखीला ठेवलेला पोरगा मासे धरायला गेला होता; दुसऱ्याने इंजिन थांबवले, पण सुरक्षा झडप मोकळी केली नाही. प्रतिस्पर्ध्यांनी या अपघाताचा बोभाटा केला, अशी ट्रेव्हिथिकची तक्रार होती. असले इंजिन चालू केल्याबद्दल आपण फाशीच्या लायक आहोत असे वॉट म्हणाल्याचे त्याने उतारवयात एका पत्रात लिहिले. मात्र नुसती तक्रार करून तो थांबला नाही. त्याने एकाऐवजी दोन झडपा बसवल्या आणि बॉयलरमध्ये शिशाची गुडदी घातली. पाणी फार आटले तर शिसे वितळून वाफ बाहेर पडे आणि स्फोट टळे. चूक लपवून न ठेवता तिच्यावर उपाय करणे, ही खऱ्या कारागिराची खूण.

इकडे 1800 साल उजाडले आणि वॉटचे पेटंट संपले. कंपनीची माणसे कॉर्नवॉल सोडून गेली, पेट्या गेल्या, कुलपे गेली. तुम्हाला वाटेल, लगेच सुबत्ता आली असेल. तसे झाले नाही. देखरेख गेली, आणि इंजिनांची निगा कुणी नीट घेईना. प्रत्येक खाणीचा इंजिनवाला आपल्या मर्जीने चाले. शेजारच्या खाणीत काय चालले आहे, ते कुणाला ठाऊक नसे. दहा वर्षे अशीच गेली.

आपल्या गुऱ्हाळातला गुळव्या आठवा. पाक कधी उतरायचा, चुलवाणात चिपाड किती घालायचे, हे त्याच्या हातात असते आणि पुष्कळदा तो ते कुणाला सांगत नाही. गाव त्याला मानते. पण त्याच्या मागे त्याची विद्याही जाते. कॉर्नवॉलमध्ये असे घराघरांतले गुळवे झाले होते.

1811 साली जोएल लीन नावाच्या खाणीवरच्या एका अनुभवी माणसाने साधी गोष्ट केली. त्याने दरमहा एक पत्रक काढायला सुरुवात केली. त्यात प्रत्येक इंजिनाचे नाव, ते कोणत्या खाणीवर आहे, नळकांडे किती रुंद, कोळसा किती जाळला आणि त्या कोळशात पाणी किती उपसले, हे आकडे छापलेले असत. माप ठरलेले होते: एक बुशेल, म्हणजे चाळीसएक किलो कोळशात किती पौंड पाणी एक फूट उंच चढवले? इंजिन बांधणाऱ्याचे नावही त्यात असे.

आता गंमत बघा. आकडे मोजण्याची पेटी वॉटनेच आणली होती. पण त्या पेटीतले आकडे मालकाला वसुलीसाठी हवे होते. लीनच्या पत्रकातले आकडे सर्वांना शिकण्यासाठी होते. तिथल्या धनिकांचे पैसे एकेका खाणीत न राहता अनेक खाणींत विखुरलेले असत, त्यामुळे एकाची सुधारणा दुसऱ्याला कळण्यात कुणाचे नुकसान नव्हते. आणि ज्या इंजिनवाल्याचा आकडा वर असे, त्याला दुसऱ्या खाणीवरून बोलावणे येई. मग जो तो आपले काम लपवण्याऐवजी दाखवू लागला.

1812 साली ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्पर नावाच्या खाणीवर नव्या धाटणीचे इंजिन उभारले: दाबाची वाफ, लांबट बॉयलर, आणि वाफेला नळकांड्यात पसरू देऊन तिचे काम पुरते करून घेण्याची सोय. या इंजिनाचे पेटंट त्याने घेतले नाही. ज्याने त्याने ते पाहिले, उचलले, सुधारले. आर्थर वूल्फने हॉर्नब्लोअरची दोन नळकांड्यांची जुनी कल्पना दाबाच्या वाफेवर पुन्हा चालवून दाखवली. कमी दाबात जी फारशी लाभली नव्हती, ती आता फळाला आली.

परिणाम आकड्यांतच ऐका. न्यूकॉमेनची साधी इंजिने एका बुशेलात सुमारे 50 ते 60 लाख पौंड पाणी एक फूट चढवीत. वॉटच्या चांगल्या इंजिनांनी हे काम दोन कोटींच्या घरात नेले. 1811 साली पत्रक सुरू झाले, तेव्हा सरासरी दोन कोटींच्या आतच होती. तीसेक वर्षांनी ती सहा कोटींच्या वर गेली. 1835 साली फोवी कन्सोल्स खाणीवरच्या एका इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटींचा पल्ला गाठला. कुठल्या एका महापुरुषाने हे केले नाही. शेकडो लोहार, सुतार आणि खाणमुकादमांनी एकमेकांचे आकडे वाचून केले.

त्याच दाबाच्या वाफेने पुढे आगगाडी चालली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चारशे उतारूंना घेऊन जी पहिली गाडी निघाली, तिच्या तिन्ही इंजिनांच्या पोटात ट्रेव्हिथिकचीच युक्ती होती: दाबाची वाफ आणि शेवटी तिला धुराड्यातून मोकळी सोडणे. मुंबईच्या पहिल्या सूतगिरण्याही वाफेवरच फिरल्या.

आता एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे, नाही तर ही हकिगत एकांगी होईल. वॉट 1819 साली वारला, तेव्हा तो श्रीमंत आणि मानमान्यतेचा धनी होता. ट्रेव्हिथिक दक्षिण अमेरिकेत पेरूच्या खाणींवर गेला, दहा-अकरा वर्षे तिकडे भटकला आणि रित्या हातांनी परतला. त्याने पार्लमेंटकडे बक्षिसासाठी अर्ज केला. काही मिळाले नाही. 1833 साली डार्टफोर्ड गावी एका खाणावळीत त्याने डोळे मिटले. बरोबर काम करणाऱ्या कामगारांनी वर्गणी काढून त्याला मूठमाती दिली. ज्याने कुलूप लावले तो सुखात गेला, आणि ज्याने दार उघडे ठेवले त्याला खांदा द्यायला वर्गणी काढावी लागली.

म्हणून मी तुम्हाला असे सांगणार नाही की शोधकाने काही मागूच नये. बोल्टनने पैसा ओतला नसता, वॉटला हक्काची शाश्वती नसती, तर ते इंजिन कदाचित नमुन्याच्या पुढे गेलेच नसते. शोधकाला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की वाटा घेताना दुसऱ्याचे हात बांधायचे का, आणि किती वर्षे? आणि ज्याने स्वखुशीने दिले, त्याची आठवण समाजाने कधी ठेवायची? तो गेल्यावर, की तो असताना?

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ एक विनंती करून थांबतो. शाळेच्या भिंतीवर एक फळा राखून ठेवा. गावातल्या चार विहिरींची पाण्याची पातळी दर महिन्याला मुलांकडून मोजून त्यावर लिहा. कुणाच्या शेतात किती पाण्यात किती पीक आले, तेही मालक राजी असेल तर लिहा. पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी येता-जाता वाचतील. तिसऱ्या वर्षी कुणी तरी दुसऱ्याच्या बांधावर जाऊन विचारील, "काय रे बाबा, तुझा आकडा एवढा चांगला कसा?" आणि तो सांगेल. जोएल लीनने याहून जास्त काही केले नव्हते.